खालचा आकडा

नाना कुठल्याही पाण्यात हात घालायच्या आधी थर्मामीटर घालायचे. आंघोळीच्या बादलीत, माठात, पवनेला पूर आला की घाटाच्या पायरीवर उकिडवे बसून पुराच्या पाण्यातसुद्धा. एकदा एका लग्नात मठ्ठ्याच्या पातेल्याकडं निघाले होते, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चारचौघांत मनगट धरून त्यांना परत पाटावर बसवलं. आकडा बघायचा, ओठातल्या ओठात म्हणायचा आणि मान हलवायची. ती मान पसंतीची कधीच नसायची. "अजून खाली पाहिजे," एवढं बोलून थर्मामीटर सदऱ्याला पुसायचे आणि खिशात ठेवायचे.

चिंचवडगावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचो. पिंपरीला ज्या कंपनीत मी लागलो होतो, तिथल्या हीट ट्रीटमेंट खात्याचे फोरमनही नानाच. गिअर भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे आमचं काम. म्हणजे दिवसा साहेब तेच आणि घरी मालकही तेच. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला देवानं ही शिक्षाच दिली आहे असं मी पहिलं वर्षभर बायकोला सांगायचो. आता नाना नाहीत, ते घरही नाही, आणि शनिवारी चार वाजले की मला अजून करमत नाही.

मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या हौदाला खेटून, त्यांनी एक लाकडी खोली उभी केली होती. कंपनीची नवी भट्टी फिनलंडहून आली, ती ज्या खोक्यांतून आली ती खोकी भंगारात निघाली आणि नानांनी सगळी उचलली. तिकडच्या पाइनच्या जाड फळ्या. त्यांच्यावर काळ्या शाईत तिकडची अक्षरं, बाण आणि उघड्या छत्रीचं चित्र, म्हणजे माल पावसात भिजवू नका. आत एक चुलाण, त्याच्यावर जाळीत काळे दगड आणि समोर बसायला दोन पायऱ्यांचा माच. चार तास बाभळीची लाकडं जाळायची, दगड चांगले तापले की दार लावून माचावर बसायचं आणि लाकडी पळीनं दगडांवर पाणी शिंपडायचं. जी वाफ उठते ती अंगावर घ्यायची. त्याला तिकडं सौना म्हणतात. गल्लीतले लोक वाफेची खोली म्हणायचे आणि काकू नुसतं 'भट्टी' म्हणायच्या. दिवसभर भट्टीपुढं उभा राहणारा माणूस घरी येऊन परत भट्टीत बसतो, ह्याला काय म्हणावं, असं त्या येईल त्या पाहुण्याला विचारायच्या.

ती भट्टी शिकायला सात महिने तिकडं फिनलंडला राहून नानांनी आणलं काय, तर तो थर्मामीटर आणि ती लाकडी पळी. माणूस नुसता मुंबईला जाऊन आला तरी बायकोला नायलॉनची साडी आणतो, हे काकूंचं म्हणणं मला पटायचं. पण काकूही काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी त्या खोलीकडून पुरतं वसूल करून घेतलं. पावसाळ्यात आख्ख्या गल्लीतल्या बाळंतिणींची दुपटी तिथं वाळायची. रविवारी सकाळी खोली कोमट असायची तेव्हा काकू आत कुरडया पसरायच्या, आणि मग पुढचे दोन आठवडे नानांच्या अंगाला गव्हाच्या चिकाचा वास यायचा.

दगडांचं मात्र सुरुवातीला चुकलं. नानांनी पवनेच्या पात्रातले छान गोल गोटे आणले होते. पहिल्याच शनिवारी ते तापले आणि एक गोटा बंदुकीच्या बारासारखा फुटला. शेजारी देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला असलेले एक गृहस्थ राहायचे. ते ताटावरून उठून सरळ पलंगाखाली गेले आणि बायकोलाही ओढून घेतलं. त्या वर्षानुवर्षांच्या सवयीचं गल्लीत पुढं खूप हसं झालं. नाना मग आपल्या गावी, कुरुळीला गेले आणि विहीर खोदताना निघालेले काळे दगड बैलगाडीतून घेऊन आले. ते शेवटपर्यंत टिकले.

मी आलो तो दुष्काळाच्या साली. बीडकडचा माणूस मी. आमच्या गावात तेव्हा आई घागर घेऊन रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत दिवस काढायची. पहिल्याच शनिवारी नानांनी मला आत बोलावलं. लंगोट लावून बसायचं, ही काकूंची अट होती. तिकडं तेवढंही नसतं म्हणे. मी बसलो. नानांनी पळी भरली आणि पाणी दगडांवर ओतलं. चर्र झालं आणि पाणी नाहीसं झालं. परत पळी, परत चर्र. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "नाना, आमच्याकडं एवढ्या पाण्यात माणूस दोन दिवस काढतो. तुम्ही दगडाला पाजताय?"

नानांनी पळी खाली ठेवली. रागावले नाहीत. तुझी आई कुठं आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, तिला इकडं घेऊन ये, मागची पडवी रिकामी आहे, भाडं नको. आणि खरंच, पुढच्या पंधरवड्यात आई आली ती पाऊस पडेपर्यंत राहिली. तेवढे महिने नानांनी दगडांवर पाणी शिंपडलं नाही, कोरडेच बसायचे. मी एकदा म्हणालोसुद्धा, घ्या आता वाफ, तर म्हणाले, म्हातारीच्या कानावर चर्र पडेल.

कंपनीत मात्र माझं आणि त्यांचं जमायला वेळ लागला. दर अर्ध्या तासाला भट्टीचं तापमान वहीत लिहायचं असायचं. काटा बहुतेक आठशे पन्नासवरच असतो, म्हणून आम्ही सगळे शिफ्टच्या सुरुवातीलाच आठ तासांचे आकडे लिहून मोकळे व्हायचो. एकदा दुपारी नाना आले, वही उघडली, तर मी संध्याकाळी साडेसहाचंही तापमान लिहून ठेवलेलं. घड्याळात अडीच. मला वाटलं आता मेमो. नानांनी ती वही मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आकडा बघून लिहायचा असतो. लिहून बघायचा नसतो." आणि मला संध्याकाळपर्यंत काट्यासमोर स्टुलावर बसवलं. साडेसहाला काटा आठशे सत्तेचाळीसवर होता. तीन अंशांनी काय बिघडतं, असं मी म्हणालो असतो, पण त्या दिवशी हिंमत झाली नाही.

ह्या माणसाला आकड्यांचं एवढं वेड का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दर वर्षी जानेवारी सरता सरता फिनलंडहून एक कार्ड यायचं. पुढं गोठलेल्या तळ्याचं चित्र, मागं पत्ता, आणि मजकूर म्हणजे फक्त दोन आकडे. वर नव्वद, खाली एक. किंवा वर पंच्याऐंशी, खाली शून्य. बाकी राम राम नाही, खुशाली नाही. वरचा आकडा वाफेच्या खोलीचा आणि खालचा तळ्यातल्या पाण्याचा. नाना ते कार्ड देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचे आणि उलट टपाली आपले दोन आकडे पाठवायचे. वर अठ्ठ्याऐंशी असायचे, त्यात नाना कमी नव्हते. घोडं अडायचं ते खालच्या आकड्यावर. कधी सतरा, कधी अठरा. ते लिहिताना नानांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा व्हायचा.

कार्ड पाठवणारा तिकडचा एक म्हातारा. भट्टीच्याच कारखान्यातला. नाना प्रशिक्षणाला गेले तेव्हा त्याच्याकडं राहायला होते. त्याला त्याच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं आणि नानांना मराठी आणि भट्टीपुरतं इंग्रजी. पहिले तीन महिने दोघं एका टेबलावर बटाटे खात होते आणि एकमेकांकडं बघून मान डोलावत होते. हे सगळं नानांनी मला एकदाच सांगितलं, लाकडं फोडताना, माझ्याकडं न बघता.

तिथं त्यांना पत्र गेलं की आई गेली. पत्र पोचायला बावीस दिवस लागले होते. म्हणजे इकडं दिवस-कार्य सगळं उरकून गेलं होतं आणि नाना तिकडं दुपारी तीनलाच पडलेल्या अंधारात ते पत्र हातात घेऊन बसलेले. रडावं तर कुणापुढं, आणि सांगावं तर कुठल्या भाषेत. म्हाताऱ्यानं पत्राकडं बघितलं, नानांकडं बघितलं, बाहेर गेला आणि सौना पेटवली. मंगळवार होता. त्याची सौना फक्त शनिवारची. नानांना हाताला धरून नेलं आणि शेजारी बसवलं. आत सगळ्या अंगातून पाणी गळत असतं, त्यात डोळ्यांतलं कुठलं हे कुणाला कळत नाही. नाना पोटभर रडले. मग म्हाताऱ्यानं त्यांना तसंच तळ्यावर नेलं. बर्फाला चौकोनी भोक पाडून शिडी सोडलेली होती. आधी तो स्वतः गळ्यापर्यंत उतरला आणि तिथून हात वर केला.

"आपल्यात कळलं की आंघोळ करायची असते ना," नाना म्हणाले. "आईची आंघोळ मी त्याचा हात धरून केली. एक अंश होतं पाणी."

नंतर ते लाकडं रचत राहिले. निघताना म्हणे त्यांनी म्हाताऱ्याला खुणेनं कबूल केलं होतं की घरी गेल्यावर मी असंच करीन, असंच वर आणि असंच खाली. वरचं त्यांनी केलं होतं. खालचं राहिलं होतं.

हे ऐकल्यावर मी चेष्टा करायची सोडली असं नाही, पण मदत करायला लागलो. आधी आम्ही कुरुळीच्या विहिरीचा प्रयोग केला. पौषातली पहाट होती, बोटं वाकत नव्हती एवढी थंडी. नानांचा हिशेब असा, की बाहेर सात अंश आहे तर खोल विहिरीत त्याहून कमी असणार. पंचवीस हात दोर सोडून थर्मामीटर खाली घातला. वर काढला तर तेवीस. परत घातला, परत तेवीस. विहिरीतून वाफा येत होत्या. त्यांचे थोरले भाऊ काठावर तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "आरं, थंडीत हिरीचं पानी कोमटच आसतंय. ह्ये शेंबड्या पोराला ठावं हाय. तू ह्याच हिरीवर वाढलास न्हवं?" भट्टीचे आकडे तोंडपाठ असलेला माणूस, आणि आपल्या बापाच्या विहिरीचा गुण विसरला होता. परतीच्या एसटीत ते सबंध वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.

मग बर्फ. पिंपरी कॅम्पात बर्फाचा एक कारखाना होता. तिथून पाव लादी गोणपाटात, भुशात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायची आणि जीव घेऊन पळायचं. चिंचवडला येईपर्यंत माझी पाठ आणि अर्धा रस्ता भिजायचा. उरलेला बर्फ हौदात टाकला की आकडा चौदावर यायचा आणि तिथंच बसायचा. नाना हौदात उतरून काकडायचे, वर येऊन थर्मामीटर बघायचे आणि म्हणायचे, "चौदा." तीन वेळा बघितल्याशिवाय ते कार्डावर आकडा लिहीत नसत. ओल्या हातानं एकदा, कोरड्या हातानं एकदा, आणि तिसऱ्यांदा मला बघायला लावून.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका जानेवारीत कार्ड आलं ते वेगळं होतं. वर पंच्याहत्तर. खाली आकडा नाही, नुसती एक आडवी रेघ. अक्षर थरथरलेलं.

नाना बराच वेळ पायरीवर बसून होते. काकूंनी चहा आणला तो तसाच निवला. मी कंपनीतून आलो तेव्हा त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाले, "त्यानं पाणी सोडलं रे. उतरवत नसणार त्याला आता." आणि थोड्या वेळानं, "तो आहे तोवर मला एकदा त्याचं पाणी करायचंय. खोटं नाही. खरं." त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. डॉक्टरनं नानांचं ब्लडप्रेशर बघून असले चाळे बंद करा म्हणून सांगितलेलं होतं. काकूंनी डॉक्टरचा कागद कपाटात ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकदाच करून टाका बाई काय ते. नाहीतर हा माणूस असाच झुरून जाईल."

येत्या शनिवारी तीन आख्ख्या लाद्या आणायच्या ठरल्या. त्यासाठी टेम्पो. कारखान्यात बर्फ मागायला मी आणि नाना गेलो. मालक सिंधी गृहस्थ, भला माणूस. थंडीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं, त्यांनी एकच टाकी चालू ठेवलेली. तीन लाद्या म्हटल्यावर त्यांनी गल्ल्यावरून उठून नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, कोण गेलं? नातेवाईक परगावाहून यायचे असले की मयत ठेवायला बर्फ लागायचा, थंडीतलं गिऱ्हाईक तेवढंच. नाना म्हणाले, "कोणी नाही. आहे अजून. म्हणून तर घाई आहे." मालकांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी लाद्या मोठ्या बघून दिल्या.

जे मालकांना वाटलं ते गल्लीला वाटणार, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही.

शनिवारी दुपारी मी टेम्पो घेऊन आलो. नाना आत खोली तापवत होते. दारात टेम्पो उभा राहिला, भुशातून लाद्या दिसल्या आणि समोरच्या घरातल्या आजींनी तोंडाला पदर लावला. मी लाद्या उतरवायला माणूस शोधायला कोपऱ्यावर गेलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो, तर मागच्या अंगणात पन्नास माणूस. बायका काकूंना घेऊन बसलेल्या. काकू सांगत होत्या, अहो काही झालेलं नाही, हे आत आहेत. "आत आहेत" म्हटल्यावर बायकांचा हुंदका आणखी वाढला. देहूरोडवाल्या शेजाऱ्यांनी सगळं हातात घेतलं होतं. एकाला बांबू आणायला पिटाळलं होतं, दुसऱ्याला कुरुळीला कळवायला एसटीत बसवलं होतं. टेम्पोला कोणी हात लावू देईनात, म्हणे आधी घरच्यांना दर्शन घेऊ द्या. आणि उन्हात माझा बर्फ गळत होता. मी ओरडून ओरडून सांगतोय की नाना जिवंत आहेत, तर एकानं मला छातीशी धरलं आणि म्हणाला, भावा, सोस आता.

एवढ्यात हौदाकडचं दार उघडलं. लाकडी खोलीतून वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यातून लंगोट लावलेले, लालबुंद झालेले नाना, हातात थर्मामीटर घेऊन. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. आजी मटकन खाली बसल्या. नानांना एकच प्रश्न पडला होता, "बर्फ कुठाय?"

नंतर जे झालं ते मात्र मी जन्मात विसरणार नाही. रडायला आलेल्या माणसांनीच लाद्या उतरवल्या. बांबू आला होता, त्याच बांबूनं शेजाऱ्यांनी हौदातलं पाणी ढवळलं. पोरंबाळं बर्फाचे तुकडे चोखत होती आणि बायका कपाळावर हात मारून घेत हसत होत्या. पण त्या गोंधळात अर्धा-पाऊण तास गेला होता आणि एक लादीभर बर्फ रस्त्यावरून वाहून गेला होता. आकडा उतरत उतरत दहावर आला, सहावर आला, चारवर आला. शेवटचा तुकडा विरघळला आणि लाल रेघ तीनवर थांबली.

तोवर परत आत जाऊन बसलेले नाना खोलीतून बाहेर आले, काकूंकडं एकदा बघितलं आणि हौदात उतरले. गळ्यापर्यंत. त्यांनी डोळे मिटले आणि एक हात पाण्याबाहेर वर केला, जसं कुणाला तरी हात देतात तसा. मला कळलं कशाला ते. मी पुढं झालो आणि तो हात धरला. हात गरम होता अजून. पाच-सहा श्वास झाले असतील, मग ते वर आले. सगळ्या अंगातून वाफ निघत होती आणि ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

कार्ड लिहायला बसले. तीन वेळा थर्मामीटर बघितला. तीनच. मी म्हणालो, "नाना, एक लिहा. कोण बघायला येतंय? म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल." नानांनी वर पंच्याऐंशी लिहिलं, खाली तीन. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कार्ड टाकायला मी पोस्टात गेलो. खोटं कशाला बोलू, मी पेटीपुढं उभा राहून विचार केला होता. दुसरं कार्ड घ्यायचं, वर पंच्याऐंशी लिहायचं, खाली एक. ह्या माणसानं एवढा जिवाचा आटापिटा केला आणि गल्लीच्या मूर्खपणापायी दोन अंशांनी हुकला, ते मला सहन होत नव्हतं. खिशात पेन होतं. पण साडेसहाचा तो काटा डोळ्यांपुढं आला आणि मी आहे तेच कार्ड पेटीत सोडलं. घरी येईपर्यंत मला आपण चूक केली असंच वाटत होतं.

मार्चमध्ये उत्तर आलं. म्हाताऱ्याचं कार्ड वर्षातून एकदाच यायचं, हे दुसरं आलेलं पहिल्यांदाच. मी ते पोस्टमनकडून घेतलं आणि वाचलं. वर साठ. खाली तीन. आणि शेजारी पेनानं काढलेलं एक वेडंवाकडं चित्र. मला ते कुंडीत लावलेले दोन मुळे वाटले. नानांनी चष्मा लावून बघितलं, आणि कार्ड हातात घेऊनच खाली बसले.

"बादली आहे," ते म्हणाले. "बादलीत पाय आहेत त्याचे."

मी म्हणालो, बरं मग?

"अरे, तळ्यात बर्फाला लागून तीन नसतं. कधीच नसतं. शून्य नाहीतर एक. त्यानं तळ्याचं पाणी बादलीत आणवलं, घरात ठेवलं, आणि तीन होईपर्यंत थांबला." त्यांनी कार्डावरच्या बादलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी त्याच्या पाण्यात जायला बघत होतो. तो माझ्या पाण्यात आला."

मी तिथून उठून अंगणात गेलो. पोस्टाच्या पेटीपुढं मी खिशातलं पेन काढलं असतं तर काय झालं असतं, हे नानांना मी कधीही सांगितलं नाही.

त्यानंतर तिकडून कार्ड आलं नाही. पुढच्या जानेवारीत नानांनी महिनाभर पोस्टमनची वाट बघितली, मग एक दिवस कुणाला न सांगता हौदावर जाऊन थंड पाण्यानं आंघोळ केली. काकूंनी विचारलं नाही. त्यांनी त्या दिवशी गोडाचं केलं नाही एवढंच.

दोन-तीन वर्षांनी नानांचे पाय सुजायला लागले. अंगणात जाणं बंद झालं. शेवटच्या थंडीत, एका शनिवारी, मी कॅम्पातून पाव लादी आणली, सायकलवरून, भुशात गुंडाळून, पूर्वीसारखी. मालकांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. घरी बादलीत पाणी घेतलं, बर्फ फोडून घातला. थोड्या वेळानं बघितलं तर आकडा एकवर गेलेला. मी बर्फाचे राहिलेले तुकडे काढून टाकले आणि बादलीजवळ बसून राहिलो. काकू दोनदा डोकावून गेल्या, काय करतोयस म्हणून. मी म्हणालो, थांबलोय. तीन व्हायला बराच वेळ लागला.

मग बादली पलंगाजवळ नेली आणि नानांचे पाय धरून आत ठेवले. त्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं ओठ हलले.

"किती?"

"तीन."

"बघून सांगतोयस ना?"

"बघून सांगतोय, नाना."

त्यांनी हात पुढं केला आणि मी तो धरला. पाणी कोमट होईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.